मदत हवी आहे: कोकणच्या पावसात उस्मानाबादी शेळी तगेल का?

भांडुप सोडून आम्ही दोघं संगमेश्वरला घरच्या जागेत शेळीपालन सुरू करतोय. दूध नको, पैदासच करायची आहे: दहा माद्या, एक बोकड. जुळ्या करडांसाठी सगळे उस्मानाबादी सुचवतात, पण ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली. आमच्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस. कोकण कन्याळ ही शेळीची जात इथल्याच हवेची. तिचा खात्रीचा बोकड मिळतोय, माद्या कुठेच मिळेनात. जमिनीपासून उंच, फटी ठेवलेल्या फळ्यांचा गोठा तयार आहे, सुका चारा भरलाय, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या रोगांच्या लसींची सोयही झाली. चरायला सोडता येणार नाही, शेजारी काजूच्या बागा आहेत. कोकणात पावसाळे काढलेल्यांनी कृपया सांगा: उस्मानाबादी माद्यांवर कन्याळ बोकड लावला तर करडं पावसात तगतात का, की शुद्ध कन्याळ माद्यांसाठीच थांबावं?