कातामाद्झेंशिवाय ही यादी अपुरी

जॅझ ऐकण्यासाठी सुचवलेल्या यादीत जॉर्जिया देशातलं जॅझ म्हणून गायिका केटी मेलुआचंच नाव आलंय. तिचा जन्म जॉर्जियातल्या कुताइसी शहरातला खरा, पण आठव्या-नवव्या वर्षी ती बेलफास्टला गेली आणि घडली इंग्लंडात. २०१६ साली गोरीच्या महिला गायकवृंदाबरोबर केलेला अल्बम सोडला तर तिच्या गाण्यात जॉर्जिया फारसा सापडत नाही, असं माझं मत.

त्यापेक्षा जॉर्जियन गायिका नीनो कातामाद्झे ऐकाच. जन्म १९७२, काळ्या समुद्रकाठच्या कोबुलेतीत. संगीताचं शिक्षण शेजारच्या बातुमीत. गिटारवादक गोचा काचेइश्विलीबरोबर तिचा 'इनसाइट' हा बँड. अल्बमांना नावं सरळ रंगांची: काळा, पांढरा, निळा, लाल, हिरवा. (दुकानात मागायला सोपं!)

तिच्या गाण्यात शब्द अनेकदा मागे पडतात. खर्जातली गुणगुण, मध्येच कुजबुज, मग अचानक मोकळा टाहो. स्कॅट गायन (शब्दांऐवजी अर्थहीन अक्षरांवर उत्स्फूर्त गाणं) अमेरिकेतून आलं हे कबूल, पण जॉर्जियाच्या लोकसंगीतात अर्थहीन अक्षरांवर गायची जुनी रीत आहे. तिथली तीन स्वतंत्र आवाजांची गायकी युनेस्कोने २००१ मध्येच गौरवली. कोबुलेतीला लागून असलेल्या गुरिया प्रांतात तर वरचा आवाज चक्क योडेलिंग करतो (खालच्या आणि वरच्या पट्टीत झटपट उड्या मारत गातो), त्याला क्रिमानचुली म्हणतात. हे कानावर असलेल्या माणसाला स्कॅट परकं वाटेल कशाला?

जुनं हवं असेल तर सोव्हिएत काळातला 'ओरेरा' हा जॉर्जियन गट शोधा. गायला नानी ब्रेग्वाद्झे, ड्रमवर वाख्तांग किकाबिद्झे. निखळ जॅझ नाही, पण झोकदार आहे.