मदत हवी आहे: डोळ्यांची लाली आणि चुरचुर वारंवार होते, कारण कसे ओळखावे?

गेल्या काही महिन्यांपासून माझे डोळे वारंवार लाल होतात. सकाळी त्रास जवळजवळ नसतो. मात्र संगणकावरील काम सुरू होऊन काही तास गेले की डोळ्यांत कण गेल्यासारखे खुपू लागते, अक्षरे अंधूक दिसतात आणि पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा स्पष्ट होतात. नवल म्हणजे कोरडेपणा जाणवत असतानाच मधूनच पाणीही वाहते. चिपडे येत नाहीत, वेदना नाहीत, खाज क्वचितच असते. लाली घालवणारे थेंब घातले की डोळे काही मिनिटांत पांढरे होतात, परंतु परिणाम ओसरल्यावर लाली पूर्वीपेक्षा अधिक दिसते. हा त्रास ॲलर्जीचा असावा की कोरडेपणाचा? हे थेंब चालू ठेवावेत का? घरात कोणाचे तरी डोळे आले होते तेव्हाची अँटिबायोटिक थेंबांची बाटली उरली आहे, तिचा उपयोग होईल का?

प्रतिसाद १

आपण दिलेल्या वर्णनावरून कोरडेपणाची शक्यता सर्वाधिक वाटते, तरी निदान तपासणीनेच होईल. ॲलर्जीत खाज हे मुख्य लक्षण असते आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी त्रास होतो, शिंकाही येतात. खाज नसेल तर ॲलर्जीचा संशय मागे पडतो. विषाणूंमुळे डोळे येतात तेव्हा पातळ पाणी येते, एका डोळ्यातून संसर्ग दुसऱ्यात जातो आणि एक ते तीन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. जिवाणूंचा संसर्ग असल्यास घट्ट, पिवळसर स्राव येऊन सकाळी पापण्या चिकटतात. आपल्याकडे यांपैकी काहीच दिसत नाही. उघडझाप केल्यावर दृष्टी स्वच्छ होणे ही मात्र अश्रूंचा थर अस्थिर झाल्याची खूण आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, थर सुकतो, आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कोरड्या डोळ्यांतून पाणी का वाहते, याचे कोडे येथे सुटते.

लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात, मूळ कारणावर काहीच करत नाहीत, आणि सतत वापरल्यास रक्तवाहिन्या पुन्हा जोमाने फुगतात. ते बंद करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे काही दिवस लाली वाढल्यासारखी वाटेल. त्याऐवजी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे कृत्रिम अश्रू वापरता येतात, आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर परिरक्षक (थेंब टिकवण्यासाठी घातलेले रसायन) नसलेले निवडावेत. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, पडदा नजरेच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवावा, आणि पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

उरलेली बाटली टाकून द्यावी. जिवाणूंचा संसर्ग नसताना अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि उघडलेली बाटली साधारणतः महिनाभरातच बाद करायची असते. काही बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असते; नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्याचा दीर्घ वापर केल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूचाही धोका असतो, आणि नागिणीच्या कुळातील विषाणूंचा संसर्ग असेल तर तो बळावतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात एक भर घालतो. पापण्यांच्या कडांना सूज असेल, मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे दिसत असतील, तर तेथील तैलग्रंथी तुंबलेल्या असण्याची शक्यता असते आणि नुसत्या कृत्रिम अश्रूंनी भागत नाही. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे शेक द्यावा, नंतर कडा हलक्या हाताने पुसाव्यात. हा उपाय आठवडेच्या आठवडे नियमाने करावा लागतो आणि बहुतेक लोक तो मध्येच सोडतात.

धागाकर्ता

आभारी आहे. थेंब आजच बंद करतो. कोणत्या लक्षणांवर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे?

प्रतिसाद १ देणारे

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, उघडझाप करूनही दृष्टी अंधूक राहिली किंवा दोन बाहुल्यांच्या आकारात फरक दिसला, तर त्याच दिवशी जावे. दिव्यांभोवती वलये दिसून डोकेदुखी व मळमळ होत असेल तर डोळ्यातील दाब अचानक वाढलेला असू शकतो, तेव्हा तासाभराचाही विलंब नको. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल होताच लेन्स काढून तपासणी करून घ्यावी, कारण बुबुळावरील व्रण झपाट्याने वाढतो. रसायन उडाल्यास आधी किमान १५ ते २० मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मगच निघावे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा गडद लाल डाग अचानक उमटला तर तो भयंकर दिसतो खरा, पण मार लागलेला नसेल, वेदना नसतील आणि दृष्टी नेहमीसारखी असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत विरून जातो. वारंवार उमटू लागला तर मात्र रक्तदाब तपासून घ्यावा.