२०१५ ची इनोव्हा घ्यावी की २०१९ ची अर्टिगा? पुढची दहा वर्षे चालवायची आहे

कातळ:

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीत राहतो. घरात आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे आहेत. वडिलांच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला जावे लागते, आणि बाकीची ये-जा धरून महिन्याला साधारण हजार किलोमीटर होतात. सध्याच्या छोट्या गाडीत सहा जण बसणे आता शक्य नाही आणि नवी सात आसनी गाडी बजेटात बसत नाही, म्हणून जुन्या बाजारात दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत.

पहिली २०१५ ची इनोव्हा २.५ डिझेल आहे. कोल्हापूर पासिंग, एकच मालक, १,६८,००० किलोमीटर रनिंग, मागणी ७ लाख ७५ हजार. १,२०,००० पर्यंतची सर्व्हिसिंग कंपनीत आणि त्यानंतरची बाहेरच्या गॅरेजमध्ये झाली आहे. ड्रायव्हरच्या सीटची कड फाटली आहे आणि स्टिअरिंग हाताने घासून गुळगुळीत झाले आहे, पण दार लावले की अजूनही भरीव आवाज येतो.

दुसरी मार्च २०१९ ची अर्टिगा १.५ पेट्रोल, मॅन्युअल. सांगली पासिंग, एकच मालक, ५८,००० किलोमीटर, मागणी ६ लाख ४० हजार, म्हणजे त्याच भागातल्या इतर जाहिरातींपेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. आतून ती इतकी स्वच्छ आहे की गालिचा आणि सीट कव्हर नुकतीच बदलल्यासारखी दिसतात. फक्त अत्तराचा वास फार होता.

गाडी घेतल्यावर दहा वर्षे तरी बदलण्याचा विचार नाही. आराम, रुबाब किंवा पुन्हा विकताना मिळणारी किंमत हे मुद्दे माझ्यासाठी दुय्यम आहेत. घाटात रात्री बंद पडणार नाही अशी गाडी हवी. यांपैकी कोणती घ्यावी?

डोंगरवाट:

माझ्याकडे हीच इनोव्हा आहे, २०१४ ची, आणि ती २,४०,००० किलोमीटर चालली आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. १,६८,००० हा आकडा ऐकून घाबरू नये. २४९४ सीसीचे हे डिझेल इंजिन पर्यटन व्यवसायातल्या लोकांनी याच्या दुप्पट-तिप्पट चालवलेले आहे. बीएस-६ या कडक प्रदूषण मानकांच्या आधीचे असल्याने त्यात डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगड नाही आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो.

मात्र एका गोष्टीवर अडून बसावे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला या इंजिनाला टायमिंग चेन नसून बेल्ट असतो आणि तो लाख-दीड लाखाच्या दरम्यान बदलावा लागतो. मी स्वतः आळसाने तो वीस हजार किलोमीटर लांबवला होता. शेवटी मिस्त्रींनी तो काढून माझ्या हातात उलटा वाकवून दाखवला, तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा पडलेल्या होत्या. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून मार्ग उरत नाही. तेव्हा मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल मागा. “बदललाय हो” हे बिल नव्हे. बिल नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याबरोबरच वॉटर पंप, असा सगळा खर्च किमतीतून वजा करून बोला.

दुसरे म्हणजे ही गाडी चासिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आहे आणि तुम्ही समुद्राकाठी राहता, तिथे गंज लवकर धरतो. लिफ्टवर चढवून चासिसचा मागचा भाग, विशेषतः स्टेपनी टांगतात ती जागा, हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. वरून रंग मारलेला असेल तर अधिकच काळजीपूर्वक पाहा.

वहीखाते:

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरले, घाटासह अर्टिगाला लिटरमागे १५ आणि इनोव्हाला ११ किलोमीटर मिळतील असे मानले, तर वर्षाच्या १२,००० किलोमीटरला अर्टिगाचे ८०० लिटर म्हणजे ८४,००० रुपये आणि इनोव्हाचे सुमारे १,०९० लिटर म्हणजे ९९,००० रुपये होतात. डिझेल स्वस्त पडते हा समज एवढ्या वजनाच्या गाडीला लागू पडत नाही. किमतीतला फरक १ लाख ३५ हजारांचा आहे तो वेगळाच.

नोंदणीचाही विचार करावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे इनोव्हाची मुदत २०३० मध्ये आणि अर्टिगाची २०३४ मध्ये संपेल. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, पण त्याचे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर निराळा. दहा वर्षे वापरायची म्हणजे इनोव्हाच्या बाबतीत निम्मा काळ या नूतनीकरणानंतरचा असेल, आणि जुन्या डिझेलबद्दलची धोरणे सैल होत जातील असे मानण्याचे कारण दिसत नाही. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती ते आपण पाहिलेच आहे.

अर्टिगाच्या के-१५ इंजिनाला टायमिंग चेन आहे, म्हणजे बेल्टची चिंता नाही. फक्त १ जानेवारी ते २१ नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या स्मार्ट हायब्रिड, म्हणजे इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरची जोड असलेल्या, अर्टिगा, सियाझ आणि एक्सएल-६ मिळून ६३,४९३ गाड्या मारुती कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये त्या मोटरच्या (मोटर जनरेटर युनिटच्या) तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. ही गाडी त्या काळातली असण्याची शक्यता आहे. चासिस क्रमांकावरून ते काम झाले की नाही हे अधिकृत वर्कशॉपमध्ये समजते.

कृष्णाकाठ:

मी सांगलीचा आहे, म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. मार्च २०१९ ची गाडी, सांगली पासिंग, बाजारभावापेक्षा स्वस्त, नवा गालिचा आणि अत्तराचा वास. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते, तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या गाड्यांचे फक्त टप दिसत होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या गाड्यांपैकी किती भंगारात गेल्या आणि किती धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या, हे कोणीच सांगू शकणार नाही. माझ्या चुलतभावाने अशीच एक गाडी, तिचे नाव घेत नाही, सोलापुरातून “सुस्थितीत” म्हणून आणली. वर्षभर ठीक चालली. मग आधी काचा, नंतर एसीचा ब्लोअर, नंतर इंजिनाचा संगणक असे एकेक बंद पडू लागले, कारण वायरिंगच्या जोडांत शिरलेले गढूळ पाणी आतून हळूहळू तांबे खात होते.

या अर्टिगाच्या बाबतीत तर हायब्रिडची लिथियम बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते. गुडघाभर पाणीसुद्धा तिच्यापर्यंत पोहोचते.

आता कागदावर हे कसे पकडायचे ते सांगतो. मालक तुम्हाला चालू विमा पॉलिसी दाखवील आणि तिच्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, असेल, तर त्यावर समाधान मानू नका. दावा न करणाऱ्याला हा बोनस पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो आणि दावा केला की शून्यावर येतो. २०१९ च्या पुराचा दावा केला असेल तर मार्च २०२० च्या नूतनीकरणात बोनस शून्य असणार, पण तिथून पुन्हा चढत तो मार्च २०२५ पर्यंत ५० वर पोहोचलेला असणार. म्हणजे आजची पॉलिसी २०२१ चा दावा उघड करील, कारण तेव्हा दावा केलेल्याचा बोनस २०२५ मध्ये ३५ वरच असतो, पण २०१९ चा दावा ती लपवील. म्हणून मार्च २०२० ची पॉलिसीच मागा. तिच्यावर शून्य असेल तर कारण विचारा. २० किंवा अधिक असेल, तर निदान दावा झालेला नाही इतके कळेल. दावा न करता गाडी गुपचूप धुऊन घेणारेही असतात, तेव्हा पुढचे काम गॅरेजवाल्याचे.

पाना-पक्कड:

कृष्णाकाठ यांचा संशय रास्त आहे. तपासणी दिवसाउजेडी आणि गाडी न धुता करावी. मागचा सीटबेल्ट रिळातून पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. लोक बेल्टचा दिसणारा भाग धुतात, पण गुंडाळलेल्या शेवटच्या वितीवर मातीची रेघ तशीच राहते. सीट ज्या रुळावर सरकते त्याचे बोल्ट पाहा. गंज असेल किंवा बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट काढली होती एवढे निश्चित. ती का काढली हा पुढचा प्रश्न. गालिचा नवा असला तरी त्याखालचा फोम आणि वायरिंगवर गुंडाळलेली कापडी टेप सहसा जुनीच असते. हेडलाइटच्या आतली कड आणि डॅशबोर्डाखाली फ्यूजपेटीच्या मागची जागा टॉर्चने बघा.

इनोव्हा पाहताना इंजिन पूर्ण थंड असतानाच चालू करून घ्या. मालकाने तुम्ही पोहोचण्यापूर्वी ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिनाचा धूर, इंजेक्टरचा आवाज आणि चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडल्यावर येणारा फुसकारा यांवरून आतली अवस्था बऱ्यापैकी कळते.

माझे मत विचाराल तर स्वच्छ अर्टिगा आणि स्वच्छ इनोव्हा यांत घाटासाठी मी इनोव्हा घेईन. सहा माणसे आणि सामान घेऊन चढताना इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी तिची २०० न्यूटन-मीटरची ओढ (टॉर्क) आणि अर्टिगाची १३८ ची यांतला फरक पायाला जाणवतो. पण अर्टिगा चढत नाही असे मुळीच नाही, एक गिअर खाली टाकावा लागतो इतकेच.

कातळ:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण काय झाले ते सविस्तर सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

आधी अर्टिगाच्या मालकांकडे मार्च २०२० ची पॉलिसी मागितली. ते थोडे चकित झाले, पण फाइल काढून दिली. तिच्यावर २० टक्के बोनस होता. नंतर सर्व्हिसिंगची नोंद काढून घेतली आणि सगळे चित्रच बदलले. गाडी सांगलीत नोंदवलेली असली तरी पहिली तीन वर्षे ती त्यांच्या मुलाकडे पुण्यात होती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे सांगलीत पाणी चढत होते त्या दिवशी, पुण्याच्या वर्कशॉपमध्ये ४,८१२ किलोमीटरवर तिची दुसरी मोफत सर्व्हिसिंग झाल्याची नोंद आहे. मोटर जनरेटरच्या तपासणीची नोंदही जानेवारी २०२० मध्ये सापडली.

तरीही आमच्या गॅरेजवाल्यांना घेऊन गेलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाला, पुढच्या सीटखाली बॅटरीचे जोडही कोरडे होते. पण मागच्या ओळीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा होत्या. आम्ही त्यावर बोट ठेवताच मालकांनी लाजत खरे कारण सांगितले. गेल्या उन्हाळ्यात डेअरीवर नेताना चाळीस लिटरची दुधाची किटली मागच्या सीटजवळ कलंडली आणि गाडी दोन दिवस उन्हात बंद राहिली. सीट काढून फोम धुतला, गालिचा बदलला, पण वास गेला नाही, आणि तीन गिऱ्हाइके केवळ वासामुळे परत गेली. अत्तर आणि कमी किंमत या दोन्हींचा उलगडा झाला. मागच्या तळाचा पत्रा उघडून पाहिला. एका कोपऱ्यात रंग थोडा उठला होता, बाकी काही नाही.

इनोव्हाचे इंजिन थंड असताना उत्तम चालू झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु बेल्टचे बिल मिळाले नाही आणि चासिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, डोंगरवाट यांनी सांगितले त्याच जागी, रंगाखाली गंजाचे पापुद्रे निघाले. बेल्ट, पंप, क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश मिळून गॅरेजवाल्यांनी ६५ हजारांचा अंदाज दिला, तर मालक वीस हजारांच्या पलीकडे उतरायला तयार नव्हते. त्यातच आईने दोन्ही गाड्यांत चढून पाहिले. गुडघेदुखीमुळे इनोव्हाची उंच पायरी चढताना तिला दाराचा आधार घ्यावा लागला, अर्टिगात ती सहज बसली.

अर्टिगा ६ लाख १० हजारांना ठरली. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून दिले आहेत. गाडीवरचे कर्ज फिटलेले होते, पण नोंद काढलेली नव्हती, म्हणून बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आधी करून घेतला. परवा सहा जणांना घेऊन आंबा घाट चढलो. दोन वळणांवर दुसऱ्या गिअरवर यावे लागले, इंजिनाचे तापमान मात्र जागचे हलले नाही.

वास दुपारच्या उन्हात अजूनही येतो. बेकिंग सोडा आणि कोळसा दोन्ही करून झाले आहे. कोणाला खात्रीचा उपाय माहीत असल्यास कृपया सांगावा.

पाना-पक्कड:

अभिनंदन. फोम धुऊन उपयोग नाही, मागच्या ओळीचा फोमच बदला. आणि गालिच्याखाली असणारा आवाजरोधक नमदा त्यांनी बदलला होता का, ते विचारा. बहुधा दूध त्यातच बसले आहे.