भंगारात गेलेला स्पूल टेप आणि ‘सगळं यूट्यूबवर आहे’वाले

ओहमकार
परवा विमाननगरी यांनी इथल्या एका धाग्यावर आनंदाने कळवलं की आजोबांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर (कॅसेटच्या आधीचा, उघड्या चकत्यांवर टेप गुंडाळलेला) भंगारात घालून ३५० रुपये आले आणि माळा मोकळा झाला. वर शेरा: ‘असले डबे दुरुस्त करत बसणारे रिकामटेकडे, ऐकण्यासारखं जे आहे ते सगळं यूट्यूबवर आहे.’ तिथेच दोन ओळी टाकून गप्प बसणार होतो. जमलं नाही.

तर मीच तो रिकामटेकडा. गेल्या जूनमध्ये जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर, गंजलेल्या पान्यांच्या शेजारी एक जपानी मशीन पडलं होतं. ११०० ला उचललं. घरी उघडलं तर बेल्टचं डांबर झालेलं. आयसोप्रोपिलने पुली पुसता पुसता बोटं अशी काळी झाली की तीन दिवस बायकोने कणकेला हात लावू दिला नाही. चकत्या फिरवणाऱ्या इडलर चाकाचं रबर सुपारीसारखं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, बेल्ट मागितला की आधी मिक्सरचा दाखवतात, मग आपल्याकडे कीव येऊन बघतात. करंट एकदम जाऊ नये म्हणून मध्ये सिरीज बल्ब लावून दिला, तरी सप्लायवरचा कागदी कपॅसिटर फुटलाच. खालच्या मजल्यावरून फोन आला, काय जळतंय?

खरी मजा पुढे. मशीन कुणीतरी अमेरिकेतून आणलेलं. ११० व्होल्टचं ट्रान्सफॉर्मरने भागतं, पण मोटर ६० सायकलच्या विजेवर चालणारी आणि आपल्याकडची वीज ५० सायकलची. टेप सहातला एक भाग हळू चालते, सूर तीन पट्ट्या खाली. काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाई पांढरी चारमध्ये गायला लागल्या! बायको म्हणाली, हे बुवा कोण? भोसरीत लेथवर २० टक्के मोठी पितळी पुली कातून घेतली, तेव्हा बाई परत आल्या.

हे सगळं कशासाठी? वडिलांचे १४ स्पूल आहेत. ते कुठल्या यूट्यूबवर आहेत, लिंक द्या.

विमाननगरी
हिशेब अर्धाच दिलात. पुली, कपॅसिटर, हेलपाटे, सहा महिने. मी एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहतो, माझ्याकडे १२ किलोचं मशीन ठेवायचं तर मुलाचं टेबल बाहेर काढावं लागेल. स्पूल डिजिटल करून देणारे लोक आहेत. द्यायचे, पेनड्राइव्ह घ्यायचा, विषय संपला. स्पीड तर सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकमध्ये सुधारतो. तुम्हाला गाणं नकोय ओ, सोल्डरचा वास हवाय.

ओहमकार
सोल्डरचा वास हवाय, कबूल. पण स्पीड सुधारला की काम झालं असं नसतं. मशीनचं इक्वलायझेशन, म्हणजे खर्ज-टीपेचा तोल, ठरलेल्या स्पीडसाठी असतं. हळू वाजवून मग पळवलंत तर खर्ज-टीप दोन्हीकडे गडबड होते. दोन क्लिक म्हणे!

सुमतीची लेक
‘डिजिटल करून देणारे लोक’ वाचून राहवलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, रेडिओसमोर माइक धरून आकाशवाणी पुणे केंद्राची संगीत सभा टेप करायचे. त्यात मधूनच आईचा आवाज, ‘अहो, कुकरच्या किती झाल्या?’ आणि दादांचं दबक्या आवाजात ‘शूऽऽ’. आई गेल्यावर २००६ साली तो स्पूल एका स्टुडिओत दिला. सीडी आली ती एकदम स्वच्छ. बोलणं ‘डिस्टर्बन्स’ म्हणून कापलेलं! मूळ स्पूल मागितला तर, ‘तो टाकला मॅडम, खराबच होता.’ गाणं मिळालं हो. गाणं काय, कुठेही मिळालं असतं.

विमाननगरी
हे वाईट झालं. पण दोष त्या स्टुडिओचा, डिजिटलचा नाही.

कसब्यातला बोका
अवांतर होईल, पण बोलतोच. पुण्यात मशीन नाहीत हा प्रश्नच नाही. मशीनही आहेत आणि स्पूलही आहेत, फक्त कुलपात. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे. माइक घेऊन पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी काय काय भरून ठेवलंय! त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन चहा प्यायचा, दहा मिनिटं ऐकायचं, आणि ‘कॉपी?’ म्हटलं की काका स्पूल उचलून कपाटात. अरे, कुजवा मग!

मंद्रसप्तक
हा टोला कुणाला आहे ते कळलं. माझ्याकडे दोनशेच्या वर स्पूल आहेत आणि मी कॉपी देत नाही. १९९८ मध्ये एकाला विश्वासाने दिली. कलाकाराने मैफलीआधीच सांगितलं होतं, घरापुरतं ठेवा. सहा महिन्यांत तीच कॅसेट दुकानात विकायला! त्या घराशी माझे संबंध तुटले ते तुटलेच. तुम्हाला चहा मिळाला हेच पुष्कळ.

कसब्यातला बोका
म्हणजे एकाने माती खाल्ली म्हणून इतकी वर्षं सगळ्या गावाला उपास? आणि सात इंची स्पूल १२०० फुटांचा, सेकंदाला साडेसात इंचांच्या स्पीडला ३२ मिनिटं. विलंबित रंगात आलं की टेप संपते. दुसरा भाग दुसऱ्या काकांच्या कपाटात, आणि दोन काका एकमेकांशी बोलत नाहीत!

मंद्रसप्तक
दुसऱ्या काकांबद्दल बोलू नका. तुम्हाला माहीत नाही.

कसब्यातला बोका
घ्या! :)

मंद्रसप्तक
हसा. रात्रभर शाल गुंडाळून बॅटरी सांभाळत आम्ही बसलो, तेव्हा तुमचे वडील कणसं खात फिरत होते.

सुमतीची लेक
वडिलांवर जाऊ नका हो.

मंद्रसप्तक
बरं, कणसं मागे घेतो. बाकी मत कायम.

गच्चीवरचा
भांडण बाजूला ठेवा. माझ्याकडचे दोन स्पूल वाजताना हेडवर चिकटतात, कुईकुई करतात. पावसाळ्याची ओल असेल म्हणून पापडांशेजारी गच्चीत वाळत घातलेत. अजून किती दिवस?

ओहमकार
आत्ताच्या आत्ता खाली आणा!! हा चिकटपणा सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा आजार आहे. त्यातला बाइंडर, म्हणजे चुंबकी थर धरून ठेवणारा गोंद, ओल पिऊन सुटतो. त्यावर उपाय ५०-५५ अंशांवर काही तास सावकाश भाजणं, तेही तापमान हलणार नाही अशा पेटीत. ऊन नाही, केकचा ओव्हन नाही. आणि त्याआधी स्पूल उजेडाला धरा. गुंडाळीतून उजेड आरपार आला तर टेप ॲसिटेट नावाच्या जुन्या प्लास्टिकची, ती अजिबात भाजायची नाही. तिचं दुखणं वेगळं, व्हिनेगरसारखा वास येतो.

गच्चीवरचा
आणले. एकावर कावळा बसला होता.

विमाननगरी
काल बायकोने माळ्याचा दुसरा कोपरा उघडला. दोन चपटे डबे निघाले. एकावर आजोबांच्या अक्षरात ‘बारसं’ एवढंच आणि खाली साल पुसलेलं. उजेडाला धरलं, आरपार दिसतंय. भंगारवाल्याला फोन केला होता. तांबं काढून झालंय म्हणाला. आता बोला काय बोलायचंय ते.

ओहमकार
बोलत नाही. डब्यासकट घेऊन या, वरचं अक्षर पुसू नका, गुंडाळी सैल असेल तर हाताने आवळू नका. रविवारी सकाळी मशीन गरम असतं. बोलणं कापणार नाही, कुकरसुद्धा.

कसब्यातला बोका
आणि कॉपी?

विमाननगरी
घरगुती आहे. देणार नाही.

मंद्रसप्तक
या, बसा आमच्या रांगेत.