गाडीच्या ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा) स्विच वितळतोय तर रिले लावाच, पण...

दादा, तुम्ही लिहिलंय फुल स्पीडवर स्विच तापून प्लास्टिक वितळतं आणि मिस्त्री नुसता नवा स्विच टाकून देतो, तो परत जळणारच, कारण मोटरचा सगळा करंट स्विचमधल्या बारक्या धातूच्या पट्ट्यांमधून जातोय. वर एका भाऊंनी रिले लावायला सांगितलाय (रिले म्हणजे बारक्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच), ते बरोबर आहे, त्यात थोडी भर. स्विचची फुल स्पीडची वायर मोटरपासून कापून रिलेच्या 86 नंबरच्या पिनला द्या, 85 बॉडीला अर्थ, 30 ला बॅटरीवरून फ्यूजमधून सरळ सप्लाय आणि 87 वरून मोटरला. ती जुनी वायर मोटरला जोडलेलीच राहिली ना तर मोटरकडून उलटा करंट येऊन रिले चिकटून बसतो, स्विच बंद केला तरी पंखा चालूच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वायर 4 स्क्वेअर एमएमची घ्या, मोटरची अर्थही जाड करा, ती सगळेच विसरतात.

आणि गाडी 24 व्होल्टची असेल तर रिले पण 24 चाच, दुकानात विचारल्याशिवाय 12 चाच हातात देतात. त्याआधी पंखा हाताने फिरवून बघा, बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलेली मोटर जास्त करंट खाते मग रिले काय करणार. ग्वाल्हेरला जानेवारीच्या धुक्यात काच साफ राहायला फुल स्पीडच लागतो, तेव्हा थंडीआधी उरका.