नल म्हणजे निरंक का?

कोरीपाटी: डेटाबेस शिकतेय. सरावासाठी आमच्या वाचनालयाचे तीन तक्ते केलेत: सभासद, पुस्तकं, देवघेव. पुस्तक बाहेर असेपर्यंत देवघेवीतला 'परत तारीख' हा रकाना रिकामा राहतो. सर त्याला नल म्हणतात. मी वहीत 'निरंक' लिहिलं. चालेल का?

बोरूबहाद्दर: नाही चालणार. अख्खी नोकरी तालुक्याला निरंक अहवाल पाठवण्यात गेली, म्हणून छातीठोक सांगतो. 'साथीचे रुग्ण : निरंक' म्हणजे गावात चौकशी केली (केली असं धरायचं!) आणि एकही सापडला नाही. हे उत्तर झालं. अहवालच आला नाही, तर त्या गावापुढे आम्ही 'अप्राप्त' लिहायचो. तुमचं नल त्याच्या गोतातलं वाटतं.

तिसरारकाना: सहमत. हिशेबही बदलतो. तीन सभासदांचा दंड 10, 20 आणि नल असेल, तर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) सरासरी 15 काढतं. नलवाला धरतच नाही. निरंक समजून तिथे 0 भरलात की सरासरी 10. शिवाय 'परत तारीख = नल' असं विचारून बघा, बाहेर गेलेलं एकही पुस्तक हाती लागणार नाही. जे माहीतच नाही त्याची बरोबरी कशाशी लावणार? तिथे 'इज नल' लिहावं लागतं. पहिल्या आठवड्यात सगळेच इथे आपटतात.

वेलांटी: मग सरळ 'कोरा' म्हणा की.

तिसरारकाना: कोऱ्यात घोळ आहे. काहीच अक्षरं नसलेला मजकूर आणि नल या बहुतेक ठिकाणी वेगळ्या गोष्टी आहेत. ओरॅकल हा डेटाबेस मात्र दोन्ही एकच धरतो.

बोरूबहाद्दर: माझं 'अप्राप्त'ही तोकडंच पडतंय. ही तारीख कुठे अडकलेली नाही, अजून उगवलेलीच नाही.

तिसरारकाना: नेमकं! 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती अशी तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडणाऱ्या कॉड यांनी पुढे यासाठीच दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: असायला हवी पण हाती नाही त्या माहितीला एक, मुळात लागूच नाही तिला दुसरी. एसक्यूएलनं एका नलवर भागवलं. म्हणून मी मराठीतही 'नल'च लिहितो. पाण्याचा नळ आठवला तर आठवो.

कोरीपाटी: तारखेपुढचं 'निरंक' खोडलं. दंडाच्या 0 पुढे मात्र तसंच ठेवलंय. वेळेत पुस्तक आणून देणारे आहेत आमच्याकडे, तीन-चार जण.