मदत हवी आहे : पीसीसी अडकलंय, लस राहिलीय, झोप उडालीय

अवनी_एस
पुढच्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून बाहेर जायचंय. पीसीसीचं (पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचं) स्टेटस 'अंडर रिव्ह्यू'वरून हलत नाही. पोलीस आले तेव्हा फ्लॅटला कुलूप होतं. पिवळ्या तापाच्या लशीला गेले तर 'आज नाही, नंबर लावून या'. त्यात संस्थेने तारीख आठवडाभर अलीकडे आणली. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. काय करायचं ते सांगा, 'सगळं छान होईल' नकोय.

सदाशिवपेठी
देश कुठला? मुक्काम किती? व्हिसा कुठला? एवढंही न लिहिता मदत हवी आहे.

टेकडीवाला
पहाटे वेताळ टेकडी चढा. रात्री आडवं झालं की झोप.

अवनी_एस
युगांडा. तीन महिने. तिकीट काढलंय. टेकडी नको.

फाईलबहाद्दर
पुण्यात असाल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राला परत हेलपाटा घालू नका. अडकलेली फाईल बाणेरच्या पासपोर्ट भवनात बघतात. चौकशीची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्या. फाईल नंबर, मूळ पासपोर्ट, सध्याच्या पत्त्याचा पुरावा न्या. भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करारनामा. पडताळणी पुन्हा पाठवावी असा अर्ज लेखी द्या. आणि अनोळखी नंबर उचलत जा, पोलीस बऱ्याचदा आधी फोन करतात.

पीसीसी नेमकं मागितलंय कुणी? संस्थेने बालसुरक्षेच्या नियमापोटी मागितलं असेल तर अर्जाची पावती पाठवून मुदत मागा.

झटपट_काम
एवढा व्याप कशाला? एजंटला पैसे द्या, मोकळे व्हा.

फाईलबहाद्दर
एजंट फॉर्म भरून देतो, पोलीस पडताळणी त्याच्या हातात नसते. पीसीसीची सरकारी फी ५०० रुपये. वरचे पैसे कशाचे, ते तुम्हीच सांगा.

थंडसाखळी
तुमच्या यादीत खरी घाई लशीची आहे. युगांडात पिवळ्या तापाचं कार्ड सगळ्याच प्रवाशांना लागतं आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं. एकच डोस, २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं. 'नंबर लावून या' यात आडमुठेपणा नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि पावडर विरघळवली की ६ तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून कुपी फोडतात. लशीचं केंद्र सरकारमान्यच हवं, खाजगी दवाखान्याची चिठ्ठी विमानतळावर चालत नाही. कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच ताडून घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

गावाकडचा
मेळघाटात सेवेची गरज कमी आहे का? युगांडाच कशाला?

सदाशिवपेठी
वेगळा धागा काढा. अवनी, व्हिसाचं उत्तर राहिलंय. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा केली तर अडचणीत याल. परवाना काढायचं काम तिथल्या संस्थेचं; आजच मेल टाका.

झटपट_काम
झोपेला अश्वगंधा घ्या.

थंडसाखळी
सल्ला फुकट असला तरी द्यायलाच हवा असं नाही. युगांडासाठी मलेरिया टाळायच्या गोळ्या घ्याल, झोपेचा प्रश्न त्यांच्याशी जोडलेला आहे. त्यातल्या मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्नं पडतात, धास्ती वाढते. निद्रानाश आधीपासून आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि दुसरी गोळी मागा. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ४ आठवडे घ्यावी लागते. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. उन्हात कातडीही लवकर भाजते.

मध्यरात्र
झोपेसाठी एक करून बघा. संस्थेच्या मेलची नोटिफिकेशनं रात्री ९ नंतर बंद. दिवसाला एकच काम ठरवा. ऑफिसं बंद असताना स्टेटस बघून फाईल हलत नाही. छातीत धडधड, रडू येणं सुरू असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं.

टेकडीवाला
टेकडीही फुकटच आहे.

अवनी_एस
पीसीसी संस्थेनेच मागितलंय, पावती पाठवते. लशीला सोमवारचा नंबर मिळाला. गोवर-रुबेलाची लस मागच्या आठवड्यात घेतली, त्याने काही बिघडत नाही ना?

थंडसाखळी
हे आत्ता सांगताय? गोवर-रुबेला आणि पिवळा ताप, दोन्ही जिवंत लशी, म्हणजे दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंच्या. एकाच दिवशी नाही घेतल्या तर मध्ये ४ आठवडे सोडतात, नाहीतर परिणाम कमी होऊ शकतो. सोमवारी जाण्याआधी केंद्रावर फोन करून हे सांगा, निर्णय तिथले डॉक्टर घेतील. ४ आठवडे आणि वर कार्डाचे १० दिवस. गोवरची तारीख कार्डावर बघून लिहा, आठवणीने नको. आणि विमान कुठल्या तारखेचं?